बंद तुरुंगाच्या जमिनीवरच्या वाटा: लॉर्टनला जमलं ते कसं, आणि तुमच्या सॅनेटोरियमचं काय करता येईल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ मुलीकडे व्हर्जिनियात लॉर्टनला काही महिने राहून आले. तिथे जुन्या तुरुंगाच्या जमिनीवरच्या वाटांनी ते रोज सकाळी फिरायचे. परत आल्यावर त्यांना आपल्या गावाबाहेरचं बंद पडलेलं क्षयरोग सॅनेटोरियम दिसायला लागलं: सत्तरेक एकर, पडक्या बराकी, मधून जाणारा ओढा, मागे टेकडीचा उतार. ते विचारतात, "इथे अशा वाटा करता येतील का? लॉर्टनवाल्यांनी कसं केलं? सुरुवात कुठून करायची आणि खर्च किती?"

मी व्हर्जिनियाच्या उत्तर भागात वाटा आखण्याचंच काम करतो आणि लॉर्टनच्या त्या रानात माझा बराच वेळ गेला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

करता येतील. फक्त तुम्ही सकाळी पाहिलं ते शेवटचं पान होतं. आधीची पानं कागदांची आणि पाण्याची आहेत.

लॉर्टनचा तुरुंग व्हर्जिनियाचा नव्हता, तो वॉशिंग्टन शहराचा होता. 1910 मध्ये ऑकोक्वान नदीकाठची हजारावर एकर जमीन घेऊन तिथे किरकोळ गुन्ह्यांच्या कैद्यांसाठी श्रमगृह सुरू झालं. कोठड्या आणि उंच भिंती नकोत, मोकळ्या हवेत शेतीकाम केलं की माणूस सुधारतो, अशी त्या काळच्या सुधारकांची धारणा होती. म्हणून तिथे गोठे होते, फळबागा होत्या, कत्तलखाना होता, नदीकाठी विटांची भट्टी होती. इमारतींच्या विटाही कैद्यांनीच पाडल्या. उंच भिंतीचा भाग पुढे आला, आणि शेवटची काही दशकं तर गर्दी आणि मारामाऱ्यांनीच गाजली. पण जमिनीच्या दृष्टीने ती शेवटपर्यंत एक प्रचंड शेतवाडी राहिली, आणि आज तुम्हाला तिथे चालायला मिळतं त्याचं मूळ कारण हेच आहे. तुमच्या सॅनेटोरियमचंही तसंच असणार. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा मोकळी हवा हाच उपचार होता, म्हणून जागा ऐसपैस घेतल्या गेल्या आणि बांधकाम थोडंच झालं.

आता कागद. 1997 च्या कायद्याने हा तुरुंग 2001 अखेर बंद करायचं ठरलं. 1998 च्या दुसऱ्या कायद्याने जमिनीला अट घातली: फेअरफॅक्स काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, आधी पुनर्वापराचा आराखडा करावा आणि त्यात जास्तीत जास्त जमीन मोकळी, उद्यानासाठी राहावी. म्हणजे कैदी आत असतानाच जमिनीचं पुढे काय होणार यावर बाहेर बैठका चालल्या होत्या. नोव्हेंबर 2001 मध्ये शेवटचे कैदी हलवले आणि जुलै 2002 मध्ये 2,324 एकर जमीन काउंटीच्या नावावर झाली, 42 लाख डॉलरना. एकरी अठराशे डॉलर! वॉशिंग्टनपासून तासाभराच्याही आत असलेल्या जमिनीला हा भाव म्हणजे जवळजवळ बक्षीसपत्रच. ती स्वस्त मिळाली कारण तिच्यावर अट होती. अट आधी आली म्हणून बिल्डरांची रांग लागली नाही. जे लोक लॉर्टनची उदाहरणं देतात ते बहुधा हा भाग गाळतात.

थोडी जमीन घरबांधणीला गेलीच, पण तीही हुशारीने. मेसन नेक नावाच्या जवळच्या भूभागावर मीडोवुड ही आठशे एकरांची खाजगी जागा होती आणि तिथे घरं उठायच्या बेतात होती. सरकारने तुरुंगाच्या जमिनीतला तुकडा बांधकाम कंपनीला दिला आणि बदल्यात मीडोवुड घेतलं. आज मीडोवुडमध्येही पायी, सायकलने आणि घोड्यावरून जायच्या वाटा आहेत. मुलीकडे पुन्हा गेलात तर तिकडे जरूर जा, लॉर्टनपेक्षा गर्दी कमी असते.

तुमच्या बाबतीत पहिलं काम म्हणून सातबारा आणि फेरफार काढा. चालू उताऱ्यावर थांबू नका, जुने फेरफार मागेपर्यंत बघा. अशा संस्थांची जमीन साधारणपणे दोन प्रकारे आलेली असते. एक, सरकारने विशिष्ट कामासाठी दिलेली. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 दिसेल आणि मूळ आदेशात अट असेल की रुग्णालयासाठीच वापरावी. तिथे वाट केली तरी उद्या कोणी शर्तभंगाचा अर्ज देऊ शकतो. तेव्हा आधी जिल्हाधिकारी कार्यालयातून वापराची परवानगी घ्या. दोन, कुणा दानशूराने ट्रस्टला दिलेली. मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 36 लागतं. विकायची किंवा लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी हवी. इथे माझा सल्ला असा: मालकी मागूच नका. मालकी मागितली की समोरचा सावध होतो, वकील येतो, दहा वर्षं जातात. चालण्याची आणि देखभालीची लेखी परवानगी मागा. विश्वस्तांना तीच देणं सोपं जातं, आणि तुम्हाला हवंही तेवढंच आहे. उताऱ्यावर किंवा वन खात्याच्या नोंदीत कुठे वन असा शेरा दिसला तर मात्र तिथेच थांबून आधी त्या खात्याकडे जा.

दुसरी गोष्ट, इमारती. बंद पडलेल्या संस्थेकडे पाहिलं की सगळ्यांचं लक्ष इमारतींकडे जातं. बैठकीत पहिला तास त्यावरच जातो: संग्रहालय करू, योगकेंद्र करू, निसर्गोपचार करू. लॉर्टनला सगळ्यात जास्त वेळ इमारतींनीच खाल्ला. श्रमगृहाच्या इमारतींत कलाकेंद्र सुरू व्हायला 2008 उजाडलं. तुरुंगाचाच दुसरा भाग असलेल्या सुधारगृहाच्या बराकींचे फ्लॅट होऊन लोक राहायला आले ते 2017 च्या सुमारास. मधल्या काळात खिडक्यांना फळ्या मारलेल्या इमारती तशाच उभ्या होत्या आणि त्यांच्या भोवतालच्या रानातून लोक चालत होते. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर किंग्ज पार्कचं मोठं मनोरुग्णालय 1996 मध्ये बंद झालं. तिथल्या कितीतरी इमारती ॲस्बेस्टॉसमुळे पाडणंही महाग, दुरुस्त करणंही महाग, म्हणून वर्षानुवर्षं कुंपणाआड राहिल्या, पण जमिनीच्या काही भागावर 2000 मध्येच राज्य उद्यान झालं. तेव्हा वाटा आणि इमारती ही दोन वेगळी प्रकरणं धरा, दोन वेगळ्या फायली करा. इमारतींची फाईल अडली म्हणून वाटांची अडता कामा नये.

इमारतींचं एकच तातडीने करायचं, ते म्हणजे धोका बंद करणं. बराकींवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. फुटलेला पत्रा झाडायचा नाही, कापायचा नाही, श्रमदानाच्या उत्साहात पोरांनी तो उचलून फेकायचा तर मुळीच नाही. शाबूत पत्रा जागेवर असताना फारसं काही करत नाही, धूळ झाली की घातक. कठडा नसलेल्या विहिरी, झाकणं चोरीला गेलेल्या सांडपाण्याच्या टाक्या, गवताने झाकलेले जुने शोषखड्डे हे सगळं पहिल्या फेरीतच शोधून काठ्या-दोरीने वेढा आणि नकाशावर लाल करा. कुठे काय आहे ते तिथे गुरं चारणाऱ्याला नक्की माहीत असतं. त्याला पहिल्याच दिवशी बरोबर घ्या, आणि हेही विचारा की गुरं कुठल्या वाटेने ओढ्यावर उतरतात, बायका सरपणाला कुठून येतात, पोरं शाळेला कुठून कापून जातात. या पायवाटा तुमच्या आराखड्यात नसतील तर लोक तुमचा आराखडा तुडवून त्यांच्याच वाटेने जातील, आणि बरोबरच करतील.

आता माझ्या खऱ्या विषयावर येतो. जुन्या आवारात रस्ते असतातच, आणि नवखा माणूस म्हणतो, झाडझुडूप काढलं की झाली वाट. काही रस्ते खरोखर सोन्यासारखे असतात. किंग्ज पार्कला रुग्णालयात कोळसा आणि सामान नेणारा रेल्वेचा फाटा होता, त्याच्यावरच आज चालण्या-सायकलीची वाट आहे. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे तो भराव जवळजवळ सपाट असतो, त्याचा निचरा एकदा नीट केलेला असतो, आणि म्हाताऱ्या माणसाला, बाबागाडीला, चाकाच्या खुर्चीला तो चालतो. तुमच्याकडे रेल्वे नसेल, पण रुग्णांना स्ट्रेचरवरून एका बराकीतून दुसऱ्या बराकीत नेण्याचा रस्ता असेल. तोही तसाच सौम्य उताराचा. तो ठेवा, मुरूम टाका, मुख्य वाट तीच करा.

पण शेताकडे, पंपघराकडे, टेकडीवरच्या टाकीकडे जाणारे रस्ते सरळ चढाचे असतात. ते बैलगाडीसाठी किंवा जीपसाठी, कमीत कमी खर्चात काढलेले. अशा रस्त्यावरून पाणीही सरळच येतं. दोन पावसाळ्यांत मधोमध घळ पडते, लोक घळीच्या कडेने चालतात, मग कडही ढासळते. पुण्याच्या टेकड्यांवर शॉर्टकटांनी उताराची काय दशा होते ते तुम्ही पाहिलंच असेल. असे रस्ते कितीही दुरुस्त केले तरी पाणी दरवर्षी जिंकतं. ते सोडून द्या, आडवे दगड आणि काटेरी फांद्या टाकून बुजू द्या, आणि नवी वाट उताराच्या अंगाने, आडवी वळत वर न्या.

यासाठी जगभर वापरला जाणारा एक ठोकताळा आहे: वाटेचा चढ हा ज्या उतारावरून ती जाते त्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. उतार 20 टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात वीस मीटर उतरणारा, असेल तर वाटेचा चढ 10 टक्क्यांच्या आत ठेवायचा. यापेक्षा तीव्र केली की पाणी वाट ओलांडून जायच्या ऐवजी वाटेवरूनच धावतं. म्हणूनच सपाट जागा वाटेला सगळ्यात वाईट. तिथे पाण्याला जायला जागाच नसते, चिखल होतो, लोक चिखल टाळून बाजूने जातात आणि एक मीटरची वाट पाच मीटरची होते. ओढ्याकाठचा सपाट पट्टा तुम्हाला सगळ्यात सुंदर वाटत असेल, पण वाट त्याच्या वरच्या उतारावर धरा आणि ओढ्यापर्यंत एखाद-दुसरा फाटा द्या.

प्रत्यक्ष खोदताना वाट पूर्णपणे डोंगराच्या अंगात कापायची. अर्धी कापून अर्धा भराव टाकला तर भराव पहिल्या पावसात खाली जातो. कापलेली माती वाटेच्या कडेला बांधासारखी साठवायची नाही, लांब खाली फेकायची. तो बांधच पाण्याला वाटेत कोंडतो. तयार वाट बाहेरच्या बाजूला किंचित कलती हवी, मीटरभर रुंदीला साधारण पाच सेंटिमीटर. इतकं डोळ्याला कळत नाही. आमच्या गटात नवीन पोरं असली की आम्ही त्यांना पाण्याची बाटली वाटेवर आडवी ठेवायला लावतो. ती दरीच्या बाजूला घरंगळत गेली पाहिजे. जागच्या जागी राहिली, नाहीतर आत डोंगराकडे वळली, की टिकाव पुन्हा हातात. शिवाय चढत्या वाटेला दर पंधरा-वीस मीटरवर चार-पाच पावलांचा उलटा उतार द्यायचा, तिथे पाण्याला वाट सोडून बाहेर पडावंच लागतं. चालणाऱ्याला तो हेलकावा जाणवतही नाही.

हे सगळं अवघड वाटत असेल तर तुमच्या तालुक्यात पाणलोटाचं काम केलेलं गाव शोधा. समतल चर खणताना ए आकाराची चौकट किंवा नळी-पाण्याची पातळी लावून समपातळी रेषा काढणारे लोक आता पुष्कळ गावांत आहेत, आणि वाट आखायला लागणारं निम्मं कौशल्य त्यांच्या हातात आहेच. फक्त त्यांना एक गोष्ट बजावून सांगा. चर पाणी अडवण्यासाठी असतो, वाट पाणी सोडण्यासाठी. त्यामुळे रेषा अगदी समपातळीत न ठेवता शंभराला पाच-सहा अशी चढती धरायची. हवेच असतील तर चर वाटेच्या वरच्या अंगाला खणा. ते वाटेवर येणारं पाणी आधीच जिरवतील.

व्हर्जिनियात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बारा महिन्यांत विभागलेला. आपल्याकडे तेवढाच चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे इथे मी जिथे एक निचरा देतो तिथे तुम्ही दोन द्या. मुरमाड उतार असेल तर नशीब समजा. काळ्या मातीचा पट्टा आडवा आला तर त्यातून वाट काढू नका, आणि काढावीच लागली तर खाली खडी, वर मुरूम. नाहीतर पावसाळ्यात चप्पल तिथेच राहील आणि उन्हाळ्यात त्याच जागी भेगा पडतील. इथल्या सायकल क्लबांचा नियम आहे की ओल्या वाटेवर जायचं नाही. तुम्हीही मातीच्या वाटा ऐन पावसाळ्यात बंद ठेवा आणि मुरमाची मुख्य वाट तेवढी चालू.

उन्हाळ्यात वणव्याची भीती असेल. टेकडीवरची वरची वाट जरा रुंद काढून गवत कापून ठेवलंत तर तीच जाळरेषेचं, म्हणजे आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्याचं, काम करते. वन खात्याच्या लोकांना हे सांगा, परवानगी मिळायला मदत होते. घाणेरी (लँटानाची झुडपं) एकदम सगळी उपटू नका. वाटेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर काढा, बाकी टप्प्याटप्प्याने. उघडी पडलेली माती पावसाआधी झाकली गेली नाही तर घाणेरी परवडली म्हणायची वेळ येते.

खर्चाचा आकडा जागा न बघता सांगणारा माणूस फसवतो. प्रमाण तेवढं सांगतो. हाताने खोदलेली मातीची वाट ही सगळ्यात स्वस्त, त्यात मुख्यतः माणसांचा वेळ जातो. मुरमाची वाट तिच्यापेक्षा बरीच महाग, कारण वाहतूक. आणि पूल सगळ्यात महाग. सत्तर एकरांत ओढा एकदाच ओलांडा आणि तोही जिथे खडक आहे तिथे. लॉर्टनच्या मातीच्या वाटांचा मोठा भाग मोर (MORE) नावाच्या माउंटन बाइकवाल्यांच्या स्वयंसेवी संस्थेने घाम गाळून काढला आहे. ती 1992 पासून या भागात काम करते. उद्यान खात्याने जागा, परवानगी आणि देखरेख दिली, क्लबने हात दिले. हे लोक वाट काढून निघून गेले नाहीत, दरवर्षी तिथेच खपतात. मला विचाराल तर लॉर्टनचं यश पैशापेक्षा या कराराचं आहे. तुमच्याकडे ते हात कोणाचे, हे टिकाव विकत घेण्याआधी ठरवा: ज्येष्ठ नागरिक संघ, कॉलेजचं एनएसएस, धावणाऱ्यांचा ग्रुप, कोणीही. पण कागदावर लिहा की पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक निचरा कोण मोकळा करणार. उद्घाटनाला आमदार येतात, निचऱ्यातला पाचोळा काढायला कोणी येत नाही.

पडझडीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विश्वस्त पहिल्याच बैठकीत काढतील. व्हर्जिनियात याला कायद्याचं उत्तर आहे. जमीनमालकाने फुकट फिरू दिलं तर त्याची जबाबदारी बरीच मर्यादित होते. तुम्ही परवानगीपत्रातच लिहून घ्या: धोकादायक इमारती कुंपणाआड, वापर सूर्योदय ते सूर्यास्त, वाहनं बंद, देखभाल अमुक गटाकडे. प्रवेशावर तसा फलक लावा. आणि पहिल्या वर्षी सगळं आवार उघडू नका. एकच दीड-दोन किलोमीटरचा फेरा करा, पण तो असा की घरातली आजी आणि नातू दोघांना झेपेल. लोकांची वर्दळ सुरू झाली की दारूच्या बाटल्या आपोआप कमी होतात. हे मी इथे कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे, आणि चौकीदार नेमण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

नावांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. लॉर्टनच्या वाटांना सफरचंदाची बाग, गोठा, कत्तलखाना अशी नावं आहेत, जिथे जे होतं ते. त्याच श्रमगृहात 1917 मध्ये मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांना डांबून 14 नोव्हेंबरच्या रात्री मारहाण झाली होती. जवळच्या ऑकोक्वान उद्यानात 2021 मध्ये त्यांचं स्मारक झालं. तिथे फिरणाऱ्याला या दोन्ही गोष्टी समजतात. तुमच्या वाटांना कृपा करून नेत्यांची नावं देऊ नका. बराक नंबर चार, धोबीघाट, दूधघर अशी द्या. आणि आवारात कुठे रुग्णांचं दफन झालेलं असेल तर ते आधी शोधा. गावातल्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या घरी कोणाला तरी ठाऊक असेल. वाट तिथून किमान पन्नास पावलं लांबून न्या.

यंदाच्या पावसाळ्यात एक करा. जोराचा पाऊस चालू असताना, थांबल्यावर नाही, छत्री घेऊन पूर्ण आवार चाला. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कोणत्या रस्त्यावरून धावतं, याचे फोटो काढा आणि मोजणीच्या नकाशावर पेनाने बाण करा. भूसर्वेक्षणाच्या नकाशातल्या वीस मीटरच्या समोच्च रेषांवरून सत्तर एकरांची वाट आखता येत नाही, हे बाण जास्त उपयोगाचे. तो नकाशा आणि उताऱ्याची प्रत इथे टाकलीत तर जुना कोणता रस्ता ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे नेमकं सांगेन.